भुकेला मधली सुट्टी हवी

वजन कमी करायचं म्हटलं की सल्ल्यांना तोटा नसतो. साखर सोडा, भात सोडा, रात्री सातनंतर तोंड उघडू नका, सकाळी जिऱ्याचं पाणी प्या, मेथ्या भिजवून खा... ज्याला त्याला काहीतरी ठाऊक असतंच. पण डाएट सुरू केल्यावर चौथ्या दिवशी संध्याकाळी साडेपाच वाजता पोटात जे कावळे ओरडायला लागतात, त्यांचं काय करायचं हे कुणी सांगत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "मन घट्ट कर. होईल सवय."

मंडळी, मला हे उत्तर अजिबात मान्य नाही.

मी 34 वर्षं शाळेत शिकवलं. दुपारच्या सुट्टीआधीचा तास म्हणजे शिक्षकाची परीक्षा. मुलं चुळबुळ करतात, पेन्सिली चावतात, सोप्या बेरजा चुकवतात. एरवी शांत असणारं पोर शेजारच्याला ढकलतं. अशा वेळी कुठलीच शाळा मुलांना "मन घट्ट करा" असं सांगत नाही. शाळा मधली सुट्टी देते. वेळ ठरलेली, घंटा ठरलेली, डबा घरून भरून आणलेला. दहा मिनिटांत तीच मुलं पुन्हा माणसात येतात. भुकेल्या मुलाला आपण चारित्र्याचे धडे देत नाही, मग पंचेचाळीस वर्षांच्या बाईला ती डाएटवर आहे म्हणून का देतो?

माझं म्हणणं एवढंच आहे: भुकेची व्यवस्था लावल्याशिवाय डाएट सुरूच करू नये. पहिल्या पंधरवड्यात लोक डाएट सोडतात आणि सगळे त्यांना आळशी ठरवतात. खरं तर त्यांच्या हाती पथ्याची यादी असते, मधल्या सुट्टीची सोय नसते.

आपल्याकडे भुकेला पुण्य चिकटलेलं आहे, तिथून घोळ सुरू होतो. उपाशी राहणं म्हणजे मोठेपणा. आता उपासाला माझा विरोध नाही, मीही एकादशी करते. पण उपास आणि डाएट ही दोन वेगळी कामं आहेत. उपासाला दुसऱ्या दिवशी पारणं असतं, डाएटला पारणं नसतं. एक दिवस भूक मारणं जमतं, चार महिने रोज मारणं कुणालाच जमत नाही. शिवाय "एकादशी दुप्पट खाशी" ही म्हण काही उगाच पडलेली नाही. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण 350 कॅलरी आणि प्रथिनं मात्र एक ग्रॅमसुद्धा नाहीत! खिचडीत जी काही प्रथिनं येतात ती दाण्याच्या कुटाची. म्हणून तर खिचडी भरपेट खाऊनही दोन-तीन तासांत पुन्हा काहीतरी हवंसं वाटतं.

आता मन घट्ट करण्याबद्दल. दुसरं महायुद्ध संपत आलेलं असताना, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज या शास्त्रज्ञाने 36 तरुणांवर एक प्रयोग केला. हे सगळे युद्धात शस्त्र हाती घ्यायला तत्त्व म्हणून नकार दिलेले आणि या प्रयोगाला आपणहून तयार झालेले तरुण होते. म्हणजे मनाने कच्चे म्हणावेत असे नव्हेत. त्यांना 24 आठवडे जवळजवळ निम्म्या आहारावर, दिवसाला सरासरी 1570 कॅलरींवर ठेवलं आणि आठवड्याला 22 मैल चालायला लावलं. वजन साधारण पाव हिश्शाने उतरलं. पण ही माणसं चिडचिडी झाली, ताटल्या चाटायला लागली, एकेक जेवण तासन्‌तास पुरवायला लागली. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे! तत्त्वासाठी तुरुंगालाही न भिणाऱ्यांची ही गत, तर ऑफिसातून लोकलने लोंबकळत आलेल्या माणसाकडून आपण काय अपेक्षा करतो?

पुढे शास्त्रज्ञांना या भुकेची यंत्रणाही सापडली. 1999 साली जपानी संशोधकांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं आणि "खायला दे" असा निरोप मेंदूला पोचवतं. वजन उतरू लागलं की ते वाढतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2011 साली दाखवून दिलं, की वजन कमी केल्यानंतर एक वर्ष उलटलं तरी भुकेची ही संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नसतात. म्हणजे "होईल सवय" हेही अर्धंच खरं. जेवणाच्या नव्या वेळांची सवय होते, पण वजन उतरलेलं शरीर "अजून थोडं दे" असं बराच काळ म्हणत राहतं.

आणि आता तर पुरावा औषधाच्या दुकानात येऊन बसलाय. 2025 साली भारतात मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही इंजेक्शनं आली. ती मुख्यतः काय करतात? भूक कमी करतात, पोट लवकर भरल्याची जाणीव देतात. वेगोवीतल्या औषधाच्या 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं सुमारे दोन-तृतीयांश परत आलं. विचार करा, या माणसांचं मन इंजेक्शनने घट्ट झालं आणि बंद केल्यावर पुन्हा सैल पडलं का? मन तेच होतं, फरक भुकेत पडला. ही इंजेक्शनं कुणी घ्यावीत हे डॉक्टरांनी ठरवायचं, मी त्यातली नाही. पण जाड्या माणसाला "तोंडावर ताबा नाही" म्हणून हिणवणाऱ्यांनी यावर जरा थांबून विचार करावा.

असो. आता मुद्द्याचं, व्यवस्था म्हणजे काय?

पहिली गोष्ट, एकदम निम्मं करू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरणं सुरक्षित मानलं आहे. एवढ्यासाठी ताट रिकामं करावं लागत नाही. जिथे पोटाला पत्ता लागत नाही तिथे आधी काटा. चहा दिवसातून चार वेळा आणि दर कपात दोन चमचे साखर, म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी. त्या गेल्या तर भुकेला कळतही नाही. मोठा चमचाभर तेल म्हणजे जवळजवळ 120 कॅलरी. चौघांच्या भाजीला पळीभर तेल ओतायच्या ऐवजी चमच्याने मोजून घातलं तर चव तीच राहते. 50 ग्रॅम फरसाण म्हणजे दोन-अडीच पोळ्यांइतक्या कॅलरी, आणि ते खाऊन कुणाचं पोट भरलंय? पोळीवर आधी कुऱ्हाड चालवणं हा अन्याय आहे.

दुसरी गोष्ट, जे पोटात टिकतं ते ताटात हवं. 1995 साली सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 38 पदार्थ सारख्याच कॅलरींच्या मापाने लोकांना खायला दिले आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते नोंदवलं. पहिला नंबर कुणाचा आला असेल? उकडलेल्या बटाट्याचा! पांढऱ्या पावाच्या तिपटीहून जास्त. आणि शेवटचा नंबर लोण्याने भरलेल्या क्रुआसाँ नावाच्या पावाचा. बटाट्याला डाएटवाले उगीच बदनाम करतात, दोष वड्याचा आणि वेफर्सचा. यातून शिकायचं ते असं, की पाणी, चोथा आणि प्रथिनं असलेलं अन्न पोट धरून ठेवतं. आपल्या स्वयंपाकात हे सगळं आहेच. मोड आलेल्या मटकीची उसळ, घट्ट वरण, पिठलं, पालेभाजी, कोशिंबीर, ताक, ज्वारीची भाकरी. फक्त प्रमाण उलटं करायचं. भाकरीबरोबर वाटीभर उसळ घेतो, त्याऐवजी दोन वाट्या उसळ आणि तिच्याबरोबर एक भाकरी. वाटीभर शिजलेल्या डाळीत सहा-सात ग्रॅम प्रथिनं, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला 50 ग्रॅम तरी हवीत. एकदा कागदावर बेरीज करून बघा, बहुतेक घरांत ती कमीच भरेल.

तिसरी गोष्ट वेळेची. यावरून आपल्याकडे घराघरांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा. दुसरा ऋजुता दिवेकर यांच्या 2009 सालच्या पुस्तकाचा, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. लग्नाच्या पंगतीत या दोन पक्षांची खडाजंगी मी ऐकली आहे. माझं मत विचाराल तर दोन्हींतला जो तुमच्या दिवसात बसतो तो घ्या, पण रोज बदलू नका. घ्रेलिन घड्याळ पाळतं. रोजच्या जेवणाच्या वेळेला ते वर चढतं, आणि गंमत म्हणजे त्या वेळी नाही खाल्लं तरी साधारण दोन तासांत आपोआप उतरतं. म्हणजे भूक लाटेसारखी येते आणि ओसरते, सतत चढत जात नाही. हे माहीत असणं हाच मोठा आधार आहे. रोज त्याच वेळी जेवलं तर ही लाटही नव्या वेळेला यायला शिकते. त्याला काही दिवस लागतात, तेवढे पहिले दिवस सांभाळायचे.

चौथी गोष्ट, शिदोरी. "भूक नाही पण शिदोरी असावी" असं जुनी माणसं म्हणायची. प्रवासाला निघताना पाळायचा हा नियम डाएटला तंतोतंत लागू पडतो. साडेपाचची भूक दुपारी बारालाच ठाऊक असते, मग तिची तयारी साडेपाचला का करायची? उकडलेले हरभरे, मूठभर फुटाणे, एखादं अंडं, वाटीभर दही, एक पेरू, यातलं काहीतरी आधीच डब्यात भरलेलं हवं. भूक लागल्यावर माणूस विचार करत नाही, समोर दिसेल ते उचलतो. मनोनिग्रह वापरायचाच असेल तर तो वाण्याच्या दुकानात वापरावा. तिथे फरसाणाचा पुडा न घेणं सोपं आहे. घरात आणून ठेवलेल्या पुड्याशी रात्री दहा वाजता कुस्ती खेळणं अवघड.

पाचवी, भूक ओळखायला शिका. "भुकेला कोंडा, निजेला धोंडा" ही म्हण म्हणजे सोपी चाचणी आहे. आत्ता कोरडी भाकरी आणि वरण दिलं तर खाईन का, असं स्वतःला विचारायचं. हो म्हणालात तर ती पोटाची भूक, खरंच खा. नको, पण जिलबी चालेल असं उत्तर आलं तर ती जिभेची. तिला वाईट म्हणायचं कारण नाही, फक्त तिला जेवण लागत नाही एवढं कळलं की झालं. आणि झोप पुरेशी घ्या. शिकागो विद्यापीठात 2004 साली 12 तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. भरपूर झोपलेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांचं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलेलं निघालं. रात्री एकपर्यंत मोबाइल बघायचा आणि दुसऱ्या दिवशी भुकेला दोष द्यायचा, हे काही बरोबर नाही.

आता जरा घरातलं बोलते, नातेवाईक मंडळी रागावली तरी चालेल.

आपल्या घरात डाएट करणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्वयंपाक करणारीच असते. माझी भाची संध्याकाळी ऑफिसमधून येते, मुलांसाठी पराठे लाटते, सासऱ्यांसाठी मऊ भात लावते, नवऱ्याला काहीतरी चमचमीत हवं असतं, आणि हे सगळं करताना स्वतःसाठी काकडी चिरून ठेवते. भुकेच्या ऐन वेळी दीड तास फोडणीच्या वासात उभी राहते आणि सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर बसते. वर पातेल्यात उरलेला भात कुणाच्या वाट्याला? तिच्याच. "खाऊन माजावं पण टाकून माजू नये" हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या बाईच्याच पोटावर लिहिलं आहे. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवता येतं, उद्या फोडणीचा भात करता येतो, मुळात अर्धी वाटी तांदूळ कमी घेता येतो. तिचं पोट म्हणजे उरल्यासुरल्याचा डबा नव्हे.

माझं स्पष्ट मत आहे, जिचं डाएट चालू आहे तिने स्वयंपाकाला लागण्याआधी खावं. शक्य असेल तर आधी जेवूनच घ्यावं. "आम्ही जेवायच्या आधी?" असं म्हणून भुवया उंचावणाऱ्यांनी एक दिवस उपाशीपोटी दीड तास पुऱ्या तळून दाखवाव्यात. आणि "घे गं, एवढ्याने काय होतंय!" हा आग्रह कृपा करून थांबवा. कुणी सांगेल की प्रेमापोटी करतो. असेल. पण समोरच्या माणसाने दुपारपासून सांभाळलेली घडी तुम्ही अर्ध्या मिनिटात मोडता. प्रेमच असेल तर दोन वेळा विचारू नका.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायची आहे. सगळी भूक सारखी नसते. माझे धाकटे दीर मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. त्यांनी गोळी तशीच चालू ठेवून, डॉक्टरांना न विचारता जेवण निम्म्यावर आणलं. अकराच्या सुमारास भूक लागली, घाम फुटला, हात थरथरायला लागले. त्यांना वाटलं, डाएटची भूक आहे, सहन करायची. जाऊबाईंना त्यांचं बोलणं असंबद्ध वाटलं म्हणून त्यांनी घरच्या यंत्रावर साखर तपासली, ती निघाली 52. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, मग जेवायला वाढलं. निभावलं. "सहन कर" हा सल्ला किती धोक्याचा असू शकतो, ते त्या दिवशी आमच्या घराने पाहिलं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या अशा गोळ्या चालू असतील तर आहार कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलणं आवश्यकच. साखर 70 च्या खाली म्हणजे तिथे मनोनिग्रहाचा प्रश्नच येत नाही, तिथे साखर हवी.

आणि माझ्या वयाच्या मंडळींसाठी: सत्तरीनंतर नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि मग पडण्याची भीती. म्हणून आपल्याला प्रथिनं थोडी जास्तच लागतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून). त्याबरोबर काही ताकदीचा व्यायाम, निदान हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं. काट्यावरचा आकडा खाली गेला आणि जिना चढवेनासा झाला, तर काय मिळवलं?

कुणी म्हणेल, बाई, म्हणजे भूक लागूच द्यायची नाही का? तसं नाही. डाएटमध्ये थोडी भूक लागणारच, कुणी "अजिबात भूक न लागता दहा किलो उतरवा" म्हणालं तर ते खोटं आहे. जेवणाच्या आधी अर्धा-पाऊण तास लागणारी, जेवण रुचकर करणारी भूक चांगलीच. पण रात्री झोपमोड करणारी, मुलांवर विनाकारण ओरडायला लावणारी, कामात चुका करायला लावणारी भूक म्हणजे तुमच्या तक्त्यात चूक आहे, तुमच्यात नाही. तक्ता बदला. अर्धी भाकरी वाढवा. अर्धा किलोच्या जागी पाव किलो उतरेल, उतरू दे. पंधरा दिवसांत सोडून दिलेल्या कडक डाएटपेक्षा वर्षभर टिकलेलं ढिलं डाएट कधीही बरं.

तेव्हा उद्यापासून सुरू करणार असाल तर यादीतली पहिली ओळ "काय सोडायचं" ही नको. साडेपाचला काय खायचं, ते आधी लिहा आणि डबा भरून ठेवा. घरातलं दुसरं कुणी सुरू करणार असेल, तर तो डबा तुम्ही भरून द्या.

बघा पटतंय का.